तीन नाकांचं टेबल

माझ्या नाकावर आमचं घर चालतं, असं माझे सासरे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. ते सांगत असतात तेव्हा मी शेजारी बसून तोंडाने श्वास घेत असतो.

तसं घर काही एकट्या माझ्या नाकावर चालत नाही. बायकोचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या नोकरीपेक्षा बरं चालतं. पण सासऱ्यांना सायकलींचं कौतुक नाही. ते स्वतः बिस्किटांच्या कारखान्यात आयुष्यभर वास घ्यायच्या नोकरीत होते. बंद डबा नाकाजवळ धरून आतलं लोणी कालचं की परवाचं हे सांगायचे म्हणे. निवृत्त होताना मालकांनी विचारलं, आता तुमच्या जागी कोण? तर हे म्हणाले, "घरातच आहे की." घरात म्हणजे मी. तेव्हा मी त्याच कारखान्यात पॅकिंगला होतो, लग्न नुकतंच झालं होतं, आणि लग्नाच्या कितीतरी आधीपासून चोंदलेलं माझं नाक सगळ्यांच्या मते साध्या सर्दीने चोंदलेलं होतं.

माझी परीक्षाही सासऱ्यांनीच घेतली. कागदाच्या पट्ट्या निरनिराळ्या अर्कांत बुडवून एकेक माझ्यासमोर धरली. मला एकीचाही वास येईना. पण सासऱ्यांच्या मनात काही राहत नाही, सगळं चेहऱ्यावर येतं. लोण्याच्या पट्टीकडे ते नातवाकडे बघावं तसे बघायचे आणि खवट तेलाची पट्टी उचलताना त्यांची नाकपुडी आपसूक आक्रसायची. मी नाक पट्टीला लावलं आणि डोळे त्यांना. सगळी उत्तरं बरोबर आली. मालकांनी पाठ थोपटली, सासऱ्यांची छाती फुगली, आणि मी त्या खुर्चीत जाऊन बसलो तो आजतागायत.

ती खुर्ची भट्टीच्या मागच्या एका लहानशा खोलीत आहे. तिथे एक गोल टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचे पेले आणि भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी: बोलू नये. एकाच्या मताचा दुसऱ्यावर परिणाम होऊ नये म्हणून हा नियम. भट्टीतून नवा घाणा निघाला की त्यातली थोडी बिस्किटं आमच्यापुढे येतात. आधी हुंगायचं, मग मोडून हुंगायचं, मग चावायचं, आणि शेवटी तिघांनी एकदम पुठ्ठा वर करायचा. हिरवा म्हणजे माल बाजारात, लाल म्हणजे नापास. दोन लाल पडले की अख्खा घाणा गुरांच्या खाद्यात जातो.

टेबलावर माझ्या डावीकडे मॅडम बसतात. त्या प्रयोगशाळेतून आलेल्या, भरपूर शिकलेल्या. त्यांची चूक होणं शक्यच नाही असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मी बिस्किट नाकाशी धरून डोळे मिटल्यासारखं करतो आणि पापणीच्या फटीतून त्यांच्याकडे बघतो. त्यांच्या कपाळावर आठी पडली की माझा हात लाल पुठ्ठ्याकडे जातो. उजवीकडे काका बसतात. अख्खा कारखाना त्यांना काकाच म्हणतो आणि ते मला 'जावई' म्हणतात, कारण ते माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले. बिस्किट हुंगताना ते माझ्याकडे टक लावून बघतात. मला वाटायचं, जुन्या माणसाच्या जावयाविषयी माया आहे.

बोलू नये एवढंच पाटीवर लिहिलंय. बघू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.

तर असं माझं बरं चाललं होतं. बरं म्हणजे काय, बुटाची नाडी बांधायला वाकलो की कपाळात शिसं ओतल्यासारखं व्हायचं, डोळ्यांच्या मागे कुणीतरी सामान हलवतंय असं वाटायचं, आणि आमच्या लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत माझं तोंड उघडं आहे. पण त्याची सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती एकाच गोष्टीची. जगाचा वास गेला होता, आणि मी वासाचाच पगार घेत होतो. माझ्या लेखी बिस्किट म्हणजे एक गोड आवाज. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. जिच्या वडिलांनी विश्वासाने खुर्ची दिली, तिला काय तोंडाने सांगणार? तिला एवढंच माहीत होतं की नवऱ्याला सर्दीचा जुना त्रास आहे.

शेवटी तिनेच मला नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाईंनी माझ्या डोक्याचा स्कॅन उजेडावर धरला.

"काळं दिसतं ना, ती हवा," त्या म्हणाल्या. "राखाडी दिसतं तो तुमचा आजार."

मी निरखून बघितलं. "यात हवा कुठे आहे?"

"तेच शोधतेय मी."

मग त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. वर्षानुवर्षांच्या सुजेने नाकाच्या आतल्या पोकळ्या भरल्यात, शिवाय द्राक्षासारखे मऊ कोंब वाढलेत. रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, फवारा मारायचा आणि धीर धरायचा, हा एक रस्ता. दुर्बिणीतून ऑपरेशन करून आत वाट मोकळी करायची, हा दुसरा. ऑपरेशननंतरही धुणं आणि फवारा सुटायचा नाही, आणि कोंब काही जणांना पुन्हा येतात.

"आणि वास?" मी हळूच विचारलं.

"श्वास मोकळा होईल, डोकं दुखायचं कमी होईल. वासाची हमी कुणीच देणार नाही, मीही देत नाही." त्यांनी एका कागदावर काहीतरी खरडलं. "पण एक करून बघू. या गोळ्या थोडे दिवस घ्या. जोरकस आहेत, सूज पटकन उतरवतात. तेवढ्यापुरता जरी वास आला ना, तरी वासाची नस जिवंत आहे असं समजायचं, आणि मग ऑपरेशनला अर्थ आहे. गोळ्या संपल्या की वास परत जाईल, त्याने घाबरू नका."

"आणि आलाच नाही तर?"

"तर ऑपरेशन फक्त श्वासासाठी करू."

मी गोळ्या आणल्या आणि ड्रॉवरमध्ये मोज्यांच्या खाली ठेवून दिल्या. मला भीती वाटत होती. ऑपरेशनची नव्हे, गोळ्यांची. घेतल्या नाहीत तोवर माझी नस जिवंत होती. घेतल्या आणि काहीच झालं नाही तर ती मेली म्हणून कायमचं कळणार होतं.

म्हणून मी नाक धुवायला लागलो. बेसिनवर मान वाकडी करून एका नाकपुडीत पाणी ओतायचं, ते दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर पडतं. निदान पुस्तिकेतल्या चित्रात तरी पडतं. माझ्या नाकात गेलेलं पाणी आत कुठेतरी मुक्कामाला थांबायचं आणि त्याच्या सोयीने निघायचं. एकदा ते मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये निघालं. साहेबांचं पेन खाली पडलं, मी अदबीने ते उचलायला वाकलो आणि नळ सोडल्यासारखी धार थेट त्यांच्या बुटावर. साहेब बराच वेळ बुटाकडे बघत राहिले. मी पेन पुसून त्यांच्या हातात दिलं आणि काहीच न घडल्यासारखा बाहेर आलो.

घरी हा किस्सा सांगितला तर बायको हसता हसता खुर्चीवरून घसरली आणि मग एकदम गंभीर झाली.

"हे बघ, ट्यूबमधून हवा जात असेल तर टायर उघडून बघावंच लागतं," ती म्हणाली. "वरून पाणी मारून काय होणार? ऑपरेशन करून टाक."

सासरे वर्तमानपत्रातून बाहेर आले. "अजिबात नाही. नाकात लोखंड घालायचं नाही. हे काय साधंसुधं नाक आहे का? काही कमी-जास्त झालं तर कारखान्याला तोंड कसं दाखवू मी? जावईबापू, तुम्ही वाफ घ्या. मी आयुष्यभर वाफ घेतली."

"बाबा, तुम्हाला काही झालेलं नव्हतं," बायको म्हणाली.

"वाफ घेतली म्हणूनच झालं नाही."

शेवटी मला वाफ घ्यावी लागली. पातेलं समोर, डोक्यावरून जाड टॉवेल, आणि बाहेर सासरे पहाऱ्याला. आत घामाच्या धारा लागल्या होत्या आणि मी बापडा तोंडाने वाफ गिळत होतो. इतक्यात टॉवेलची कड उचलून सासऱ्यांनी पातेल्यात काहीतरी टाकलं आणि कड परत नीट खाली सोडली.

"ओळखा बघू काय टाकलं," ते लाडात आले.

टॉवेलच्या आतून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी खरोखरच्या परीक्षेला बसलो होतो, तेही कोरी पाटी घेऊन. मी दम खाल्ला. तेवढ्यात डोळ्यांना गार झोंबलं आणि घशात थंडावा उतरला. वास येत नसला तरी झोंबायचं कळतं.

"पुदिन्याचा अर्क," मी म्हणालो.

सासऱ्यांनी टॉवेल ओढून काढला. त्यांचे डोळे पाणावले होते. "बघ," ते लेकीला म्हणाले, "बघ, चोंदलेलं असूनसुद्धा. आणि म्हणे ऑपरेशन." त्यांनी माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी उठलो, खोलीत गेलो, मोजे उचलले आणि पहिली गोळी घेतली.

गोळ्यांनी भूक वाढेल आणि अंगात जरा उत्साह येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जरा? मी घरातले सगळे पंखे पुसले. शेजाऱ्यांचेही पुसून देतो म्हणालो. जेवण झाल्यावर पुन्हा जेवलो. कारखान्यात जिना दिसला की राहवेना, दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचो आणि वर पोचल्यावर उगीच परत खाली जाऊन यायचो. कपाळातलं शिसं वितळलं, श्वास घेताना नाकात चक्क गार वारा लागायला लागला. सगळं होत होतं, फक्त वास येत नव्हता. रोज सकाळी टूथपेस्टची नळी नाकाला लावायचो आणि नुसता थंडावा यायचा. पाकिटातल्या गोळ्या संपत आल्या तशी उड्या मारता मारता मी उरलेल्या गोळ्या पुन्हा पुन्हा मोजायला लागलो.

अशातच एका सकाळी आम्ही तिघं टेबलावर बसलो. घाणा साध्या लोण्याच्या बिस्किटांचा होता, अजून कोमट. मी नेहमीसारखं बिस्किट उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटल्यासारखं केलं आणि मॅडमकडे नजर लावली. मग बिस्किट मोडलं.

नाकात वर कुठेतरी काहीतरी सुटलं. आधी मला कळेचना की हे काय आहे. कुणीतरी खोलीत आलंय असं वाटलं म्हणून मी दाराकडे बघितलं, तर दारात निकालाची वाट बघणारा सुपरवायझर तसाच उभा. मग कळलं. लोणी. भाजलेलं लोणी, त्याच्यामागे दूध, त्याच्यामागे कडेला किंचित करपलेली साखर. टेबलाच्या लाकडाचा वास आला. काकांच्या शर्टाला इस्त्रीचा वास होता. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर मावेना. ओठ वाकडे झाले, हनुवटी थरथरायला लागली, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि हुंदका दाबायला मी तोंडावर हात ठेवला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मॅडमनी काकांकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळावर कधी नव्हे एवढी मोठी आठी पडली. पुढच्या क्षणी दोन लाल पुठ्ठे हवेत होते.

सुपरवायझरने मान हलवली आणि तो घाणा गुरांकडे पाठवायला वळला.

"थांबा," मी म्हणालो.

त्या टेबलावर कुणीतरी बोललं हे ऐकून तो जागीच थिजला. मॅडमनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"घाणा चांगला आहे," मी म्हणालो. "फार चांगला आहे. टाकू नका."

"मग रडतोस कशाला?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"वास येतोय म्हणून."

"रोज येत नाही?" मॅडम म्हणाल्या.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. गोळ्यांमुळे असेल, नाहीतर लोण्यामुळे, पण मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. लग्नाआधीपासून मला कसलाही वास येत नाही, परीक्षा सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पास झालो, आणि इथे बसल्यापासून मॅडमच्या कपाळाकडे बघून पुठ्ठे वर करतोय. बोलून झाल्यावर मी हात जोडून बसून राहिलो. नोकरी गेली हे दिसतच होतं. आता सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

काकांनी लाल पुठ्ठा हळूच उपडा ठेवला. मग ते माझ्याकडे झुकले.

"कसा येतोय रे?"

"चांगला येतोय, काका."

"तसं नव्हे. कसा येतोय ते सांग ना." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला तो मोठा ताप आला होता बघ, तेव्हापासून माझं सगळंच गेलंय. म्हटलं, जावई बसलाय की शेजारी, तुझ्या सासऱ्यांच्या घरातलं नाक आहे. तू तोंड वाकडं केलंस की मी करायचो."

आम्ही दोघांनीही मॅडमकडे बघितलं. त्या लालबुंद झाल्या होत्या. त्यांनी पर्स उघडून एक बाटली टेबलावर ठेवली. मला दिलेला तोच नाकाचा फवारा, त्याच रंगाचं झाकण.

"डॉक्टर केव्हापासून ऑपरेशन करा म्हणतायत," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, रजा काढली तर सगळ्यांना कळेल. काकांचा एवढा अनुभव आहे, म्हणून मी आपली काकांकडे बघून…"

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण काकांना हसू फुटलं. मग मला फुटलं. मॅडमनी आधी तोंडाला रुमाल लावला आणि मग रुमालासकट टेबलावर डोकं ठेवलं. एवढी वर्षं आम्ही तिघं गोल फिरत एकमेकांचं तोंड बघत होतो आणि बिस्किटं आपल्या नशिबाने चांगली निघत होती. सुपरवायझर हातातल्या बिस्किटाकडे संशयाने बघायला लागला. मी त्याला हिरवा पुठ्ठा दाखवला. मग काकांनी आणि मॅडमनीही आपापले हिरवे पुठ्ठे वर केले, या खेपेला माझ्याकडे उघड उघड बघून.

तो गेल्यावर मी त्यांना वास सांगितला. दोघं डोळे मिटून ऐकत होते. लोणी सांगितलं, दूध सांगितलं, करपलेली साखर सांगितली. करपलेल्या साखरेपाशी काकांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि विचारलं, "किती दिवस राहील म्हणे?"

"गोळ्या संपेपर्यंत. पण नस जिवंत आहे, काका. मी ऑपरेशन करणार."

"करशील तेव्हा करशील. आत्ता इथे बिस्किटं काय हुंगतोयस? बायको आहे ना तुला? पळ."

"आम्हीही डॉक्टरांच्या तारखा घेतो," मॅडम म्हणाल्या. "फक्त तिघांनी एकदम नको."

मी पळालो. रस्ता म्हणजे नुसता गोंधळ होता. तापलेलं डांबर, कुणाचा तरी ओला कुत्रा, उघडं गटार, सगळं एकदम अंगावर आलं आणि सगळंच मला आवडलं. कचऱ्याच्या गाडीमागे मी चौकापर्यंत चालत गेलो. गाडीवाल्याने काही हरवलंय का म्हणून विचारलं, तर मी त्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

दुकानात बायको एका उलट्या सायकलशी झटत होती. हात कोपरापर्यंत काळे. मला भर दुपारी दारात बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

मी तिचे हात धरले आणि नाकाशी नेले. तिने झटकन मागे ओढले. "अरे, घाण आहेत. घरी आल्यावर घे."

"घाण नाहीत," मी म्हणालो आणि परत ओढले. रबराचा वास आला, ऑइलचा आला, लोखंडाचा आला. त्या सगळ्याच्या खाली, मनगटापाशी, आणखी एक वास होता. तो कशासारखा आहे ते मला सांगता येणार नाही, तो फक्त तिचा होता. एवढी वर्षं मी या बाईच्या शेजारी झोपलो आणि ही मला आज भेटली.

मी तिला सगळं सांगितलं. ती उलट्या सायकलशेजारी खोक्यावर बसून ऐकत राहिली.

"म्हणजे लग्न झाल्यापासून तुला कसलाच वास येत नाही?"

"त्याच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"बाबांनी खुर्ची दिली होती. तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

तिने आपले काळे हात उलटसुलट करून बघितले. मला वाटलं, आता भडकणार. भडकायचा तिला पूर्ण हक्क होता.

"रोज दुकान बंद केलं की मी मागच्या मोरीत हात घासत बसते," ती म्हणाली. "कोपरापर्यंत. लिंबाचा साबण लावते, वरून पावडर लावते. थंडीत कातडी फाटते, तरी घासते. घरी एवढ्या मोठ्या नाकाचा नवरा, त्याला ऑइलचा वास नको यायला म्हणून."

मग तिच्या ओठांची एक कड हलली आणि ती इतकी हसली की खोका करकरला. हसता हसता मधेच तिने डोळे पुसले आणि गालावर काळा पट्टा ओढला गेला.

"ऑपरेशन करणार?"

"करणार."

"वास राहीलच अशी हमी?"

"नाही."

"आणि आत्ताचा हा?"

"गोळ्या संपल्या की जाईल."

तिने शटर अर्धं खाली ओढलं, परत माझ्यासमोर आली आणि दोन्ही काळे हात माझ्या तोंडावर घट्ट ठेवले.

"मग घे," ती म्हणाली. "पोटभर घे."